चौकशी दौरा, मुक्काम दापोली

पेट्रोलवर चालणारी मोटार वृद्ध झाली, म्हणजे ते वर्तमान ती स्वमुखानेच साऱ्या आळीला कळविते. तिला खोकला होतो, ती धूर ओकते, चढावर कण्हते, आणि मालकाने अखेर तिला विकावयास काढले म्हणजे शेजारीपाजारी सुटकेचा निःश्वास टाकतात. विजेच्या मोटारीचे वार्धक्य मात्र विलक्षण सभ्य असते. ती पहिल्या दिवशी चालत होती तशीच निःशब्द चालत राहते, आणि तिच्या पोटातील बॅटरीची धारणाशक्ती कणाकणाने उणी होत असल्याची वार्ता समोरच्या फलकावरील एका आकड्याखेरीज कोठूनही बाहेर फुटत नाही. त्यामुळे अशी गाडी केव्हा बदलावी, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा न राहता कुटुंबातील पक्षोपपक्षांचा होऊन बसतो. आणि आमच्या घरी तो बरेच दिवस तसा होऊन बसलेला होता.

आमची गाडी २०२० सालची. तिच्या कुलगोत्राचा उच्चार मी येथे करीत नाही. बॅटरी तीस युनिटांची. आणि एका भरण्यात ती तीनशे किलोमीटरांहून अधिक जाते, असे तिच्यासोबत आलेल्या कागदोपत्री नमूद होते. अशी प्रमाणपत्रे जी संस्था देते, ती एआरएआय आमच्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे; तेथे गाडीची चाके रुळांवर फिरवून हा आकडा काढतात, आणि त्या रुळांवर कात्रजचा घाट नसतो, वैशाख नसतो, व मागच्या आसनावर बसून काच वरखाली करणारे काकाही नसतात. नवी असताना ही गाडी प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास जाई. आता एकशे ऐंशीच्या आगेमागे थांबण्याची भाषा बोलू लागते.

नव्या गाडीच्या पक्षाचा पुढारी माझा भाचा. त्याचे म्हणणे आकड्यांनी इतके सज्ज असे की त्याला उत्तर देण्यापेक्षा चहा देणे सोपे पडे. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली ती ३०.२ युनिटांची, आणि तिची किंमत १३.९९ लाखांपासून सुरू होत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच नावाची गाडी ४५ युनिटांची झाली, आणि प्रारंभीची किंमत पाहावी तर तीच, १३.९९ लाख. त्याच वर्षाच्या अखेरीस महिंद्रांनी ५९ व ७९ युनिटांच्या गाड्या पुढे आणल्या. "मामा, तुम्ही चार वर्षे नुसते गप्प बसला असतात तर दीडपट बॅटरी मिळाली असती," असे तो म्हणे. आणि चार वर्षे गप्प बसून पुण्याच्या कचेरीत पायी जावयाचे कसे, हे मात्र तो सांगत नसे.

प्रतिपक्षाची धुरा आमच्या काकांकडे. काका मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, परंतु कचेरी काकांमधून निवृत्त झालेली नाही. गाडीची त्यांनी एक स्वतंत्र वही घातलेली असून तीत प्रत्येक भरण्याची तारीख, युनिटे व किलोमीटर यांची नोंद, आणि समासात त्यांचा लाल शेरा असतो. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवरची. म्हणजे २०२८ पर्यंत बॅटरीची चिंता कंपनीने वाहावयाची आहे, आणि दुसऱ्याने वाहावयाची चिंता मुदतीपूर्वी आपल्या शिरावर घेणे हा दप्तरदिरंगाईच्या नेमका उलट परंतु तितकाच गंभीर गुन्हा होय, असा त्यांचा अभिप्राय. त्यावर भाच्याने असा पेच टाकला, की हमी शिल्लक आहे तोवरच तर गिऱ्हाईक येते. ती संपल्यावर कोण विचारील? हा मुद्दा खरोखरच बिनतोड होता. काकांनी तो "विचारार्थ तहकूब" असा शेरा मारून वहीत घेतला, आणि जुन्या विजेच्या गाड्यांचा व्यापारी आपल्या खरेदी-विक्रीतील फरकावर २०२५ पासून अठरा टक्के जीएसटी भरतो, तो भार शेवटी आपल्याच किमतीतून कापला जातो, ही रुजवात तेवढी घालून ठेवली.

अखेरीस मे महिन्यात आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी, दापोलीस जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा हा प्रवास नुसता प्रवास न मानता चौकशी दौरा मानावा आणि त्याच्या निष्कर्षावर गाडीचे भवितव्य ठरवावे, असा तोडगा निघाला. मार्ग मुद्दाम अवघड घेतला: खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट, महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर, आणि कशेडीच्या बोगद्यातून खेड.

खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडेपर्यंत वातावरण सलोख्याचे होते. पुढे भाच्याने, जो सारथ्य करीत होता, नव्या पक्षाच्या हितार्थ गाडी ताशी शंभरावर नेली. कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि बॅटरी लवकर संपली की आपला खटला आपोआप सिद्ध होतो, हे तो पदवीधर असल्याने जाणून होता. काकांनी दहा मिनिटांत हा कट उघडकीस आणला व ऐंशीचा हुकूम जारी केला. शिवाय वातानुकूलन बंद करण्याची दरखास्तही त्यांनी मांडली. ती सौभाग्यवतींनी, "अहो, मग बैलगाडीनेच जाऊ या," एवढ्या एका वाक्यात फेटाळली. खंबाटकीच्या चढावर 'उरलेले अंतर' दाखविणारा आकडा असा काही कोसळू लागला की भाच्याच्या मुद्रेवर विजयश्री झळकली. वस्तुतः तो आकडा म्हणजे नुकत्याच झालेल्या खर्चावरून केलेला नुसता अदमास असतो. घाटात तो घाबरून बोलतो आणि उतार लागला की आपलेच शब्द परत घेतो. परंतु घाबरलेल्या माणसाशेजारी बसून शांत राहणे ज्यांना साधते, त्यांनीच विजेच्या गाडीत पुढच्या आसनावर बसावे.

वाईस पोहोचलो तेव्हा निम्मी बॅटरी उरली होती. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे खंड सिद्ध झाले, त्या गावी ज्ञानाची वाण पडू नये. तथापि चार्जिंगचे केंद्र नेमके कोठे आहे हे तीन सज्जनांनी तीन दिशांना सांगितले. केंद्र सापडले ते एका भोजनालयाच्या आवारात. भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये ते 'उपलब्ध' होते, आणि प्रत्यक्षात तेथे एक पेट्रोलची मोटार सावली पाहून विसावली होती. तिचे मालक आत पुरणपोळी खात होते. ती पोळी संपेपर्यंत आम्ही नवे ॲप उतरवून घेतले, त्यात नाव, गाव व गाडीचा क्रमांक नोंदविला, त्याच्या खात्यात आगाऊ रक्कम भरली, आणि ओटीपीची वाट पाहिली. प्रत्येक केंद्राचे ॲप वेगळे आणि प्रत्येक ॲपची थैली वेगळी, अशी सध्या वहिवाट असल्यामुळे आमच्या कुटुंबाची थोडथोडी रक्कम महाराष्ट्रभर विखुरलेली आहे. काका तिला 'परागंदा ठेवी' म्हणतात.

पेट्रोलची गाडी हलली न हलली तोच तिच्या जागी एक नवी, विशाल, ७९ युनिटांची विजेची गाडी येऊन उभी राहिली. गृहस्थ सपत्नीक गोव्याहून निघाले होते आणि वाटेत भरण्यासाठी कोठेही न थांबता तडक वाईस आले होते. भाच्याने त्या गाडीभोवती जी प्रदक्षिणा घातली, ती येथल्या ढोल्या गणपतीलाही त्याने घातली नसती. "वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत वीस मिनिटांत भरते," असे गृहस्थांनी सांगितले, आणि ते सर्वथा खरे होते. मात्र त्यासाठी १७५-१८० किलोवॉटचे यंत्र लागते, आणि वाईचे यंत्र तीसचे होते. त्यांना हवी होती सत्तेचाळीस युनिटे. तासाला तीस, या त्रैराशिकाने दीड तासाहून अधिक. मोठा रांजण लहान तोटीखाली ठेवला, म्हणजे रांजणाच्या मोठेपणाचा पश्चात्ताप तोटीला होत नाही, रांजणवाल्याला होतो. गृहस्थ मोठे दिलदार. "तुमचे थोडकेच असेल, तुम्ही आधी घ्या," म्हणाले, आणि आमची अकराबारा युनिटे पिठले-भाकरी व ताक होईतो भरूनही झाली. युनिटला वीस रुपयांच्या आसपास दर पाहून काकांनी वहीत जो शेरा लिहिला, तो मी पाहिला नाही. पेन्सिलीचे टोक मोडल्याचा आवाज तेवढा ऐकला.

पण गोव्याची गोष्ट भाच्याच्या मनातून जाईना. पसरणीच्या घाटात त्याने ती तीनदा काढली. आपल्या गाडीने गोवा म्हणजे दोन जेवणे आणि एक न्याहारी, हे मलाही मान्य करावे लागले. काका म्हणाले, "गोव्यास आपण जातो किती वेळा?" यावर भाचा म्हणाला, "आजोबा, जाता येत नाही म्हणून तर जात नाही!" आणि गाडीत पाचगणीपर्यंत शांतता पसरली, कारण दोघांचेही बरोबर होते.

महाबळेश्वरास न थांबता आम्ही आंबेनळी उतरू लागलो, आणि येथे चौकशीचे पारडे फिरले. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांवर, आणि पोलादपूर जवळजवळ सपाटीलाच. एवढ्या उंचीवर चढविलेले पावणेदोन टनांचे ओझे उतरताना मोटर जनित्राचे काम करते, आणि बॅटरीत वीज परत येऊ लागते. प्रतापगडाचा फाटा मागे पडेपर्यंत दोन टक्के जमा झाले, आणि पोलादपुरास पोहोचलो तेव्हा माथ्यावर निघालो त्याहून पाच टक्के अधिक घेऊन. आयुष्यभर सरकारी तिजोरीत भरणा करून घेणाऱ्या काकांनी रस्त्याने भरणा केलेला प्रथमच पाहिला. त्यांनी ती रक्कम वहीच्या डाव्या बाजूस 'किरकोळ उत्पन्न' या सदराखाली जमा केली, आणि एक वेळ तर घाट पुन्हा चढून पुन्हा उतरावा असा विचार त्यांच्या मनात आला. चढताना त्याहून पुष्कळ अधिक जाते, हे भाच्याने त्यांना जरा कठोरपणेच समजावले. येथे प्रवाशांसाठी एक सूचना करून ठेवतो: माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून जो हा घाट उतरेल, त्यास या उत्पन्नातील छदामही मिळणार नाही, कारण भरलेल्या बॅटरीत जागाच नसते, त्याने मुकाट्याने ब्रेक झिजवावेत.

दापोलीस दिवेलागणीला पोहोचलो. सासुरवाडीच्या पडवीतील खुंटीत चार्जर लावला तो त्याने लाल दिवा दाखवून असहकार पुकारला. घराला अर्थिंगच नव्हते, आणि या चार्जरांना जमिनीशी नाते असल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. शेवटी विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत धड अर्थिंग निघाले. मेव्हण्यांनी त्याच्या खड्ड्यात मिठाचे पाणी ओतले, पोफळीच्या बागेतून गाडी विहिरीपाशी नेली, आणि ताशी तीन युनिटांच्या धिम्या गतीने, मध्ये दोनदा वीज गेली ती वगळता, ती रात्रभर जेवत राहिली.

सकाळी पाहतो तो गाडी निष्प्राण. फलक काळा, दरवाजे बंद, किल्लीचे बटण दाबावे तर उत्तर नाही. भाच्याने शोकाकुल परंतु तृप्त आवाजात बॅटरीच्या निधनाची वार्ता घरभर फिरविली, आणि नव्या गाडीचा रंग कोणता असावा याविषयी मामीशी बोलणेही सुरू केले. काका विहिरीच्या कठड्यावर वही मिटून बसले. तेवढ्यात मेव्हण्यांनी बाजारपेठेतून एक मिस्त्री आणला. त्याने साध्या किल्लीने दार उघडले, पुढचे झाकण वर केले, आत डोकावून तो म्हणाला, "साहेब, थोरली ठणठणीत आहे. हिची धाकटी मेली." विजेच्या गाडीतही पेट्रोलच्या गाडीत असते तशीच बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते, दरवाजे, दिवे व संगणक तिच्यावर चालतात, आणि तिने प्राण सोडला की थोरलीतील सारी वीज कुलपाआड पडून राहते. मिस्त्रीने आपली डिझेलची जीप शेजारी आणून दोन तारा जोडल्या, आणि डिझेलच्या कृपेने आमची विजेची गाडी पुन्हा शुद्धीवर आली. नवी धाकटी काही हजारांत बसली. फलकावर अठ्ठ्याण्णव टक्के पाहून काकांनी वही उघडली.

त्याच दुपारी, फणसाचे गरे खात, पडवीत अंतिम बैठक भरली. भाच्याने धाकटीचा मुद्दा मागे घेतला, पण नव्या गाड्यांत हवेच्या उशा सहा असतात आणि आपल्या गाडीत दोन, हा नवा मुद्दा काढला. आणि खरे सांगावयाचे तर दोन दिवसांच्या चौकशीत मला मनापासून पटलेला तेवढाच. बॅटरी दहा टक्क्यांनी उणी झाली म्हणून गाडी बदलणे मला मान्य नाही, कारण आमचा रोजचा प्रवास तीस किलोमीटरांचा, आणि वर्षाकाठचा लांबचा प्रवास जेवणाच्या वेळेत बसतो. परंतु धडक ही काही जेवणाची वेळ पाहून होत नाही. मी डळमळू लागलेला पाहून काकांनी सौभाग्यवतींकडे कौल मागितला. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून यांच्याबरोबर दापोलीला येते आहे. पेट्रोलची गाडी होती तेव्हा हे पुणे सोडले की थेट इथेच थांबायचे. मी 'चहा' म्हटले की 'पुढे घेऊ' म्हणायचे. या गाडीने वाईला तासभर बसवले. मला हीच गाडी हवी."

या साक्षीची उलटतपासणी करण्यास कोणीही पुढे आले नाही. ठराव झाला तो असा, की बॅटरीची हमी आहे तोवर, म्हणजे २०२८ पर्यंत, गाडी ठेवावी. मधल्या काळात भाच्यास महामार्गावर रोजचे जाणे-येणे करावयाची नोकरी लागल्यास सहा उशांच्या गाडीचा अर्ज प्राधान्याने विचारात घ्यावा. आणि गोव्यास जावयाचे असल्यास रेल्वेने जावे. तेव्हा आमची गाडी विकत घेण्याविषयी ज्यांनी ज्यांनी विचारणा केली आहे, त्यांनी तूर्त तसदी घेऊ नये आणि २०२८ च्या दिवाळीनंतर निःसंकोच यावे. त्या वेळी हमीची मुदत संपलेली असेल, ही गोष्ट काका व्यवहार पुरा होईपर्यंत बोलणार नाहीत, म्हणून मी आताच सांगून ठेवतो.