भाऊ येऊन गेले

आमच्या नगराध्यक्षांना गावात कोणी नगराध्यक्ष म्हणत नाही. ते भाऊ आहेत. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले निवृत्त मास्तरसुद्धा त्यांना भाऊच म्हणतात आणि भाऊ त्यांना काकाजी म्हणून वाकून नमस्कार करतात. गाव कोणतं ते विचारू नका. यवतमाळ जिल्ह्यात यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, नेर, आर्णी, घाटंजी आणि पांढरकवडा अशा दहा नगरपरिषदा आहेत. यांतल्या कुठल्याही गावच्या माणसाला हे आपल्याच भाऊंवर लिहिलंय असं वाटेल. आणि त्याच्या भाऊंना ते शेजारच्या गावच्या भाऊंवर लिहिलंय असं वाटेल.

भाऊंची गाडी उघडून पाहिली की या पदाचं स्वरूप कळतं. मागच्या सीटवर इस्त्रीचे दोन पांढरे शर्ट, एक दुपट्टा, पाण्याच्या बाटल्या आणि एक कात्री. कात्री स्वतःची. उद्घाटन ठरवणारे लोक फीत आणतात, ताट आणतात, ताटावर रुमाल घालतात आणि कात्री विसरतात, हा अनुभव भाऊंनी पहिल्याच महिन्यात घेतला. बूट बिनलेसचे, कारण दिवसातून दहा ठिकाणी नारळ फोडायचा तर दहा वेळा पायातलं काढायचं असतं. आणि ड्रायव्हर गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावतो. गावातले जाणते लोक भाषणाकडे लक्ष देत नाहीत, गाडीकडे देतात. इंजिन चालू असलं तर भाऊ पाच मिनिटं थांबणार. इंजिन बंद असलं तर जेवूनच जाणार.

दिवस सकाळी सहाला ओसरीवर सुरू होतो. कोणाची नाली तुंबलेली असते, कोणाच्या गल्लीत घंटागाडी गाणं वाजवत येते पण न थांबता जाते, कोणाच्या वाडीत डुकरं शिरलेली असतात. इथपर्यंत ठीक आहे. ही खाती भाऊंचीच. पण गावाला खात्यांशी देणंघेणं नसतं. वीज गेली की महावितरणला फोन लागत नाही, भाऊंना लागतो. एसटी चुकली तरी भाऊ. शकुंतला रेल्वे पुन्हा कधी सुरू होणार, हा यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवरच्या कोणत्याही म्हाताऱ्याचा हक्काचा प्रश्न आहे, आणि तो रेल्वेमंत्र्यांना विचारण्याइतकी फुरसत त्याला नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची पहिली गाडी २८ फेब्रुवारी २०२४ला वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, तेव्हा ‘‘भाऊ, आपल्याकडे काऊन नाही आणली?’’ असं ओसरीवर विचारणारे लोक मी स्वतः पाहिलेत. जणू भाऊंनी वाटेत हात दाखवला असता तर थांबली असती.

पाण्याचं तर विचारूच नका. यवतमाळ शहरात पाणी नगरपरिषद देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. निळोणा आणि चापडोह धरणांचं पाणी कोणाच्या हातात आहे हे नागरिकाला पक्कं माहीत असतं, कारण बिल तिकडूनच येतं. तरी २०१८च्या उन्हाळ्यात शहर टँकरच्या मागे धावलं, तेव्हा शिव्या मात्र नगरपरिषदेच्या पत्त्यावर पडल्या. प्राधिकरणाला कोणी लग्नात भेटत नाही ना. शिवी द्यायला समोर माणूस लागतो.

‘‘भाऊ, नळाले पाणी कवा येईन जी?’’

‘‘येऊन राह्यलं काकाजी. मी सायबाशी बोललो.’’

कोणत्या साहेबाशी, हे काकाजी विचारत नाहीत आणि भाऊ सांगत नाहीत. पण काकाजी समाधानाने उठतात.

सोमवार भूमिपूजनांचा. सिमेंट रस्ता असतो दीडशे पावलांचा, त्याच्या फलकावर नावं असतात अठरा. खासदार, पालकमंत्री, आमदार, मग भाऊ, मग उपाध्यक्ष, सभापती आणि तळाशी बारीक अक्षरात वॉर्डाचे नगरसेवक, ज्यांना हा रस्ता नेमका कुठे आहे ते माहीत असतं. आमदार दीड तास उशिरा येतात. तोवर भाऊंनी सगळ्यांना चहा पाजलेला असतो आणि गल्लीतल्या तीन बायांनी त्यांना बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितलेली असते, की आधी नाली करा मग रस्ता करा, नाहीतर रस्ता पुन्हा फोडाल. भाऊ मान हलवतात. मग आमदार येतात, कुदळ पडते, रस्ता होतो, आणि पुढच्या वर्षी नालीसाठी फोडला जातो. त्या नालीच्या भूमिपूजनाला त्याच तीन बाया येतात. भाऊ त्यांना ओळख देतात.

मंगळवार, आणि खरं तर कोणताही वार, मयतीचा. लग्नाला गेलं नाही तर लोक वर्षभर बोलतात. मयतीला गेलं नाही तर मतदानाच्या दिवशी बोलतात. आपल्याकडे सरणाला अग्नी दिल्यावर मोक्षधामातच शोकसभा होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, पाठीमागे चिता, समोर शेडमध्ये तीनशे माणसं, आणि गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलायला उठलेली नऊ. पाचव्याला गुण संपलेले असतात. मग तो म्हणतो, ‘‘माणूस लाखात एक होता. आयुष्यभर कोणाले पाणी पाजल्याशिवाय पाठवलं नाही. आणि आज त्याच्या मयतीले आलेल्या माणसाले हातपाय धुवाले इथल्या नळाले पाणी नाही, हे शोभते का?’’

शेडमध्ये शांतता पसरते. सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळतात. गेलेल्या माणसालाही उत्तर ऐकायचं असावं अशी ती वेळ असते. भाऊ शेवटी बोलायला उठतात, दिवंगताला श्रद्धांजली वाहतात आणि त्याच वाक्यात नळाचं आश्वासन देतात. हे आश्वासन मात्र ते पाळतात, कारण पुढच्या आठवड्यात तिथेच यायचं आहे हे त्यांना ठाऊक असतं. आमच्या गावात सर्वांत नीट राखलेली जागा मोक्षधाम आहे. बाकं, झाडं, दिवे, फरशी, सगळं जागच्या जागी. बाहेरून आलेला पाहुणा थक्क होऊन विचारतो की बाकी गाव असं का नाही. उत्तर सोपं आहे. बाकी गावात भाऊंना पाचच मिनिटं थांबावं लागतं, इथे दीड तास उभं राहावं लागतं.

बुधवारी शाळा. नगरपरिषदेच्या शाळेत बक्षीस वाटताना भाऊ मुलांना सांगतात की खूप शिका, मोठे व्हा. हे भाषण क्रीडा स्पर्धा, वृक्षारोपण आणि नेत्रतपासणी शिबिरालाही चालतं. शिबिरात फक्त ‘मोठे व्हा’ ऐवजी ‘डोळस व्हा’ म्हणायचं. एकदा चौथीतल्या एका मुलीने बक्षिसाची वही घेतली आणि माइकपाशीच उभी राहून विचारलं, ‘‘भाऊ, आमच्या मैदानात बाजार काऊन भरते?’’ हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. भाऊंनी मात्र तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, ‘‘ही पोरगी पुढे नगरसेवक होते पाहा.’’ टाळ्या पडल्या. बाजार अजून तिथेच भरतो.

गुरुवारी सभा. खरं तर पदाचं काम हेच, पण हाच दिवस भाऊंना नकोसा होतो. बाहेर जो माणूस रेल्वे थांबवू शकतो असं गाव समजतं, तो सभागृहात ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ या पहिल्या विषयावर दोन तास अडकतो. नगरपरिषदांचा कायदा १९६५चा आहे आणि विरोधी सदस्यांना त्यातलं कलम ३०८ तेवढं पाठ आहे, ज्याच्या आधारे जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. प्रत्येक विषयाला कोणीतरी उठून म्हणतं, ‘‘आम्ही तीनशेआठमधी जाऊ.’’ डावीकडे मुख्याधिकारी बसलेले असतात. ते शासनाचे, भाऊ जनतेचे. भाऊ म्हणतात, ‘‘करून टाका.’’ मुख्याधिकारी म्हणतात, ‘‘तपासून घेतो.’’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आमचं गाव वसलेलं आहे.

शनिवार-रविवार लग्नं. तुळशीचं लग्न लागलं की भाऊंच्या घरचं जेवण बंद होतं. एका दिवसात सहा मांडव, सहा ठिकाणी अक्षता, सहा ठिकाणी ‘‘भाऊ, दोन घास तरी’’. भाऊ प्रत्येक ठिकाणी एक वाटी मठ्ठा घेतात आणि रात्री घरी येऊन वहिनींना पिठलं-भाकर मागतात. सत्काराचे नारळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ढीग करून पडलेले असतात. वहिनींनी खोबऱ्याचे जेवढे प्रकार करता येतात तेवढे करून झाले. आता त्या नारळ सरळ कोपऱ्यावरच्या देवळाला पाठवतात. तिथून काही नारळ पुढच्या सत्काराला परत येतात असा त्यांना संशय आहे.

नवरात्रात या वेळापत्रकाला धरबंध राहत नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव नावाजलेला. मंडळामंडळात आरतीचा मान ठरलेला, आणि एका मंडळात सहा मिनिटं अन् दुसऱ्यात चार थांबलं तर ती दोन मिनिटं पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवणारे कार्यकर्ते प्रत्येक मंडळात असतात. पण भाऊंची खरी परीक्षा पोळ्याला. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. वर्षभर ओसरीवर हात जोडून बसणारा शेतकरी त्या दिवशी हात वर करून, यमक जुळवून, भाऊंच्या तोंडावर त्यांच्या नालीची, रस्त्याची आणि फितीची खिल्ली उडवतो, आणि सगळं गाव शंकराच्या नावाने गजर करून त्याला अनुमोदन देतं. सभागृहातल्यापेक्षा हा ठराव जास्त एकमताने मंजूर होतो, आणि याला तीनशेआठ लागू नाही. भाऊ हसत ऐकतात. सगळ्यांत झोंबणाऱ्या झडतीला स्वतःच्या खिशातून बक्षीस देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बक्षीस मिळालेला माणूस नालीचा अर्ज घेऊन ओसरीवर हजर.

हे सगळं का करायचं, तर भाऊंच्या डोळ्यांसमोर पुसद आहे. वसंतराव नाईक १९४६ साली पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९६३ साली राज्याचे मुख्यमंत्री. त्यानंतर अकरा वर्षं ती खुर्ची त्यांच्याकडे होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक नगराध्यक्षाला ही दोन सालं तोंडपाठ असतात. आमदारांनाही असतात, म्हणून ते स्टेजवर भाऊंना मायेने जवळ बसवतात आणि माइक लांब ठेवतात.

ही फेरी पदामुळे आहे असा माझा समज होता. तो मधल्या काळात पार गेला. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, हे सरकार दर काही वर्षांनी बदलतं. २०१६ साली थेट, २०२०ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ला परत थेट. त्यातच ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुकाच लांबल्या आणि डिसेंबर २०२५पर्यंत नगरपरिषदांवर प्रशासक बसले. सही प्रशासकांकडे गेली, कात्री भाऊंकडेच राहिली. पत्रिकेवर ‘माजी नगराध्यक्ष’ छापून यायचं, एवढाच फरक. ओसरी तीच, मोक्षधाम तेच, मठ्ठा तोच. प्रशासकांनी त्या काळात बरंच काम केलं म्हणतात. नाल्याही झाल्या काही. पण त्यांचं नाव आज गावात कोणालाही सांगता येत नाही, कारण ते कोणाच्या तेरवीला गेले नाहीत. गावातलं मोजमाप एकच आहे. काम झालं की नाही हे वादाचं असतं. ‘भाऊ येऊन गेले’ याला साक्षीदार असतात.

परवा ओसरीवर पुढच्या आरक्षणाचा विषय निघाला. निम्मी नगराध्यक्षपदं स्त्रियांसाठी असतात. सोडत कशी निघेल याचा भरवसा नाही. कोणीतरी म्हणालं, महिला राखीव निघालं तर वहिनींनाच उभं करा. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘राहीन ना उभी. पण एक सांगून ठेवते. फित्या बंद, सत्कार बंद, लग्नं-तेरव्या बंद. सकाळी दहाले ऑफिसात बसीन अन् पाच वर्षांत गावातल्या साऱ्या नाल्या पक्क्या करून टाकीन.’’

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊ मात्र गंभीर झाले. वहिनींकडे पाहत ते काळजीने म्हणाले, ‘‘हे असं काही करशील, तं दुसऱ्या खेपेले डिपॉझिट जाईन तुझं.’’