अध्यक्ष

धाराशिव जिल्ह्यात कारखाना बंद पडला तरी युनियन बंद पडत नाही. ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे दोन्ही सहकारी साखर कारखाने वर्षानुवर्षं थंड होते, तेव्हाही थकीत पगाराचे, फंडाचे, ग्रॅच्युइटीचे कागद फिरतच होते. कागद आले की ते काखेत मारून फिरणारा अध्यक्ष आलाच. त्याला नाव असतं, पण रेशनकार्डापुरतं. बायकोसुद्धा दारात आलेल्याला सांगते, "बसा, अध्यक्ष जेवायलेत."

हे अध्यक्ष मूळचे पॅनमन. पाक दाणा कधी धरतो हे त्यांना बोटावर घेऊन कळतं. मतदार कधी धरतो हे मात्र कळलं नाही.

तरी उभं राहायचं ठरलं. तसं बघितलं तर निवडणूक युनियनच्या माणसांना नवी नव्हती. चिठ्ठ्या वाटाव्यात, बूथबाहेर टेबल मांडावं, म्हातारीला रिक्षात बसवून केंद्रावर न्यावं ते याच पोरांनी. मोर्चाने तयार केलेली पोरं. सगळ्या पक्षांना ती लागायची आणि सगळ्या पक्षांकडे ती असायचीही. अध्यक्षांचं म्हणणं, दुसऱ्याच्या सतरंज्या किती दिवस उचलायच्या? 1984 च्या काँग्रेस लाटेत डॉ. दत्ता सामंत मुंबईतून अपक्ष खासदार झाले. शेजारच्या सोलापुरात आडम मास्तर तीनदा आमदार झाले. (मास्तर पडले किती वेळा, हा हिशोब अध्यक्ष सांगत नाहीत.) "अन् आपल्याच मातीतले भाई उद्धवराव पाटील?" असं म्हणून ते थांबत. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

विधानसभेला अपक्षाला दहा सूचक लागतात आणि ते त्याच मतदारसंघातले लागतात. अध्यक्षांच्या दहांपैकी एकाचं नाव वाशीच्या यादीत, म्हणजे परंडा मतदारसंघात निघालं. अकरावा शोधेपर्यंत तीन वाजत आले. अनामत दहा हजार, सभासदांच्या वर्गणीची, बरीचशी सुट्टी नाणी. मोजता मोजता कारकून घामाघूम झाला, तेव्हा अध्यक्षांनी त्याच्या संघटनेची विचारपूस केली आणि पेन्शनच्या प्रश्नावर पाठिंबाही जाहीर केला.

चिन्हात त्यांना कारखान्याचा भोंगा हवा होता. तो यादीत नव्हता. शिट्टी मिळाली.

खरी गंमत जाहीरनाम्याची. हयातभर निवेदनं लिहिलेला हात. मथळा पडला 'आमच्या प्रमुख मागण्या'. कुणीतरी सांगितलं, अध्यक्ष, उमेदवारानं द्यायचं असतं, मागायचं नसतं. त्यांनी 'मागण्या' खोडून 'आश्वासने' केलं, पण शेवटची ओळ तशीच राहिली आणि तशीच छापून आली: 'वरील बाबींचा सहानुभूतीने विचार न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' मतदारांना अशी नोटीस दुसऱ्या कुठल्या उमेदवाराने दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

भाषण त्यांना गेटवरच जमायचं. समाजमंदिरात खुर्च्या मांडून बसवलं की आवाज बसायचा; वेशीच्या कमानीखाली उभं केलं की द्वारसभा रंगायची. टाळ्या कडकडून पडायच्या. सभासद म्हणायचे, "अध्यक्ष, तुमच्याबिगर हाय कोण आपल्याला?" हे खरंच होतं. रात्री अकराला फंडाचा फॉर्म घेऊन ते यांच्याकडेच यायचे. फक्त भांडायला अध्यक्ष लागायचे आणि मताला भावकी, पाहुणे, साहेब. मतदानादिवशी अध्यक्ष बूथ बघायला निघाले तर प्रत्येक पक्षाच्या टेबलावर आपलाच सभासद. सगळ्यांनी उठून नमस्कार केला, चहा पाजला. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. तो आकडा लांबच राहिला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तीच माणसं ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन दारात. अध्यक्षांनी चष्मा लावला.

मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्या काळात अध्यक्ष फार कोमेजले. प्रशासक निवेदन घेतो, पण खोटं आश्वासनसुद्धा देत नाही. पुढे आरक्षण निघालं तेव्हा त्यांचा गट महिलांना सुटला आणि वहिनींनी अर्ज भरला. वहिनींनी सभासदांची यादी बाजूला ठेवली. रात्री-अपरात्री कुणाच्या घरचं कोण, कसला कागद घेऊन आलं होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या थेट त्या घरांच्या चुलीपाशी जाऊन बसायला लागल्या.

अध्यक्षांकडे चिठ्ठ्या वाटायचं काम आहे. आठ तासांच्या वर काम पडल्यास जादा भत्ता मिळावा, असं त्यांनी उमेदवारांना लेखी कळवलं आहे.