कोंबडी पाहण्याचा कार्यक्रम

कोंबडी खाणाऱ्याला कोंबडीतलं कळतं, हा समज तानसा परिसरात फार दिवस टिकत नाही. ज्याच्या अंगणात खुराडं नाही, त्याचं कोंबडीबद्दलचं मत इथे कोणी मनावर घेत नाही. आमच्या धरणाचं पाणी मुंबई 1892 पासून पिते आहे, आणि त्याच पाण्यावर वाढलेली माणसं सुट्टीच्या दिवशी आटगाव-खर्डीकडे गाड्या काढून "गावठी मिळेल का हो?" असं विचारत फिरतात. गावठी म्हणून त्यांच्या हातात काय पडतं, हा विषय आपण सोडून देऊ.

कोंबड्या पाळायचं ठरल्यावर मी आधी वाचायला बसलो. शिकलेल्या माणसाची ही खोडच. त्यात कळलं की कोंबड्यांची प्रदर्शनं भरतात आणि तीही चांगली इतमामाने. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत 1845 मध्ये असं एक मोठं प्रदर्शन भरलं आणि तिकडच्या साहेबलोकांना कोंबड्यांचं अक्षरशः वेड लागलं. ते लोण अमेरिकेत गेलं. ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलेली, पायांवर पिसं असलेली 'ब्रह्मा' जातीची कोंबडी 1852 मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला नजराणा म्हणून पाठवली. राणीने तिचं काय केलं असेल, हे विचारायचं नसतं. आपल्याकडेही नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि कुत्री यांच्या जोडीने कोंबड्यांचं प्रदर्शन असतं. परीक्षक तुरा बघतात, पिसं बघतात, छाती बघतात. कोंबडा मान ताठ करून उभा आणि मालक त्याच्याहून ताठ.

आमच्या मुरबाडात असा थाट बैलांच्या वाट्याला येतो. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत बैलाचे दात आणि खूर पाहताना माणसं जेवण विसरतात. कोंबडीची जागा आठवडे बाजाराच्या कडेला, पाय बांधून, पाटीत, मिरच्या आणि सुक्या बोंबलांच्या मधोमध. मी गेलो तो तिथेच. वाचनाचा आधार होताच. कडकनाथ झाबुआची, तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गिरिराजा बंगळूरची, वनराजा हैदराबादची, सगळं पाठ. पाटीमागे बसलेल्या आजींना यातलं काहीएक ऐकायचं नव्हतं.

"पाळायला की पाव्हण्याला?" त्यांनी विचारलं.

"पाळायला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. घर कुठे? अंगण आहे का? शेजारी कुत्रा आहे का? मांजर? दिवस मावळताना खुराड्याचं दार कोण लावणार? "तू कामाला जात असशील दादा, मग घरात कोण?" मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींनी पोहे हातात घ्यावेत आणि पलीकडून मुलाचाच पगार, व्यसनं आणि स्वभाव यांची उलटतपासणी व्हावी, तसा तो प्रकार होता. माझी उत्तरं फार समाधानकारक नसावीत. एका तांबड्या, तुरेबाज कोंबड्यावर माझी नजर गेली, तर त्यांनी तो पाटीच्या मागच्या बाजूला सरकवला. "हा नको तुला. मारका हाय."

शेवटी त्यांनी एक काबरी कोंबडी उचलून, उलटी धरून माझ्यासमोर केली. "पाय बघ. पिवळेधमक असतील ती नुसती बसून खाते. अंड्यावर असंल तिचे पाय फिके पडतात." मग कोंबडीच्या शेपटीखालच्या हाडांमध्ये मला बोटं ठेवायला लावली. दोन बोटं सहज बसली, म्हणजे घालती. नव्या तलंगेत एकही बसत नाही.

पायांचं ते बोलणं मी घरी येऊन पडताळलं. खरं निघालं. हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून येणारा पिवळा रंग कातडीत साठतो, आणि कोंबडी अंडी घालू लागली की तोच बलकात जायला लागतो. पाय फिके पडत जातात, अंडी बंद झाली की पुन्हा पिवळे होतात. त्याहून मौज पुढेच. कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हे सर्वांना ठाऊक. पण पिवळ्या कातडीचा गुण त्याच्याकडून आलेलाच नाही, तो आला करड्या रानकोंबड्याकडून, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानातला. व्हिक्टोरिया राणीच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांचं आजोळ आमच्याच बाजूला निघालं की! आजींना हे सांगायला हवं होतं. "मग?" म्हणाल्या असत्या.

भाव एक रुपयाने खाली आला नाही. काबरी, दोन तलंगा आणि परीक्षेत मला झेपेल असा ठरवलेला एक गरीब कोंबडा, एवढं घेऊन मी एसटीत चढलो. पिशवीतून मान बाहेर काढून कोंबडा कंडक्टरकडे बघत राहिला, कंडक्टर माझ्याकडे.

घरी पोचलो आणि खरं प्रदर्शन तेव्हा भरलं. शेजारपाजारचे एकेक करून आले. पहिला प्रश्न "कितीला?" आणि उत्तर काहीही दिलं तरी पुढचं वाक्य "फसलात!" दुसरा प्रश्न "कुठून आणल्या?" या प्रश्नाला मात्र कारण आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला आणि आजूबाजूच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हापासून बाहेरची कोंबडी गावात शिरली की लोकांचे कान टवकारतात. मी नव्या कोंबड्या वेगळ्या ठेवल्या, मानमोडीच्या लशीची चौकशी केली, एका पायाला सुतळी बांधून घराची ओळख होऊ दिली. एवढं करूनही पलीकडच्या काकांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते खुराड्याची फळी ढिली, मुंगूस येणार. कोंबड्याचा आवाज बसका. आणि काबरी तर उघडच म्हातारी. रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून ते नवी त्रुटी काढत.

काबरीने सुतळी सुटल्यावर खुराडं सोडून तांदळाच्या कणगीमागे अंडी घालायला सुरुवात केली. त्यावरही काकांनी मत दिलंच. पण परवा त्यांची कोंबडी खुडूक बसली, तेव्हा ते कुंपण ओलांडून थेट ओसरीवर आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, रवणीला काबरीचीच अंडी द्या हं. दुसरी नकोत."