टायला गुण नाहीत

किहीममध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. पंच, एवढंच. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं सबंध नाव वाचतो आणि मग ओरडतो, "पंच, तुमचं पत्र!" उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अलिबाग तालुक्यातल्या कबड्डीच्या मैदानांवर शिट्टी वाजवण्यात घालवली. रात्रीचे दोन वाजलेले, दोन्ही गावांचे पाठीराखे दोरी तोडून आत घुसलेले, अशा वेळी शांतपणे हात वर करून "बाद!" म्हणायला जे काळीज लागतं, ते त्यांच्याकडे होतं. पुढे गुडघ्यांनी त्यांना निवृत्त केलं. शिट्टी मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती, आणि शिट्टीला सामना लागतो.

या जातीची माणसं गावोगाव असतात. शक्ती-तुऱ्याच्या नाचाला जाऊन ती शाहिराचं गाणं ऐकत नाहीत. समोरच्याला उत्तर जमलं की नाही एवढंच बघतात. दोन चुलतभावांचा वाडीच्या बांधावरून चाललेला दावा ऐकायला पंच अलिबागच्या कोर्टात प्रत्येक तारखेला हजर असायचे. बांध शेवटी कोणाकडे गेला ते त्यांना आज सांगता येत नाही. पण उलटतपासणीत वकिलाने साक्षीदाराला कोपऱ्यात कसं घेतलं, ते आजही उभं राहून करून दाखवतात.

मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या संध्याकाळच्या चर्चा त्यांनी काही दिवस बघितल्या आणि सोडून दिल्या. "एका वेळी आठजण चढाईला निघतात," ते म्हणाले, "आणि सगळ्यात जास्त दम पंचाचाच!" हा पंच म्हणजे अँकर. मग न्यू जर्सीतल्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, आमच्याकडे अध्यक्षपदासाठी दोघंच समोरासमोर उभे राहतात. आधी नाणेफेक होते. बोलायला दोन मिनिटं, उत्तराला एक, आणि वेळ संपली की माइक बंद." फोन ठेवल्यावर पंच बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकूंना म्हणाले, "खेळ त्यांना कळतो."

तर 28 जून 2024 चा शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, अटलांटात आदल्या रात्रीचे नऊ. तिकडे सीएनएनच्या स्टुडिओत बायडेन आणि ट्रम्प. इकडे पंचांच्या पडवीत टीव्ही, बाहेर कोसळणारा पाऊस, भिंतीवर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आणि शेजारच्या खिळ्याला पुठ्ठ्यावर लावलेला गुणतक्ता. प्रेक्षकांत मी होतो, पुतण्याचा मुलगा होता, रो-रो बोटीने गाडीसकट येणारे मुंबईचे बंगलेवाले साहेब होते आणि थोड्या वेळाने थळची मावशी आली. मासेमारी बंद असल्याने तिच्या टोपलीत त्या दिवसांत फक्त सुकं. सोडे मोजून दिल्यावर ती पायरीवरच टेकली.

पंचांनी आधी नियम वाचून दाखवले. स्टुडिओत प्रेक्षक नाहीत. खेळाडूला पेन, कोरं पॅड आणि पाण्याची बाटली मिळेल, बाकी काही आणायचं नाही. प्रेक्षक नाहीत हे वाचताना त्यांचा आवाज कातर झाला. ज्याने प्रेक्षकांचे दगड खाल्लेत त्यालाच ते कळायचं. तक्रार एकच. "पाय दिसत नाहीत! चढाई करणाऱ्याला खोक्यामागे उभं करतात होय?" टीव्हीचा आवाज ते बारीक ठेवतात. इंग्रजी त्यांना समजतं, पण शब्दांकडे लक्ष गेलं की निर्णय चुकतो, असं त्यांचं मत आहे.

दोघांनी हात मिळवले नाहीत. तक्त्यावर नोंद झाली: दोघांना ताकीद.

दहा-बारा मिनिटांनी बायडेन राष्ट्रीय कर्जावर बोलता बोलता अडखळले आणि थांबले. नजर खाली, शब्द सापडेना. पंच पुतण्याच्या मुलावर ओरडले, "अरे, पावसाने चित्र अडकलं! डिश हलव!" पोरगं इरलं घेऊन पत्र्यावर चढलं. "डावीकडे! आणखी डावीकडे!" तेवढ्यात बायडेन यांच्या तोंडून आपण मेडिकेअरलाच हरवलं असं काहीतरी निघालं, आणि चित्र अडकलेलं नव्हतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पत्र्यावरून पोराने विचारलं, "आजोबा, आलं का?" पंच खाली मान घालून लिहीत होते. दम तुटला. एक गुण.

"त्या बावाला बसाला खुर्ची तरी द्या कोनी," मावशी म्हणाली. त्या सकाळी पडवीत कोणी केलेलं हे एकमेव माणुसकीचं विधान. बंगलेवाले साहेब जाहिरात क्षेत्रातले. त्यांनी प्रकाशयोजना, मेकअप आणि टायचा रंग यांवर बोलायला सुरुवात केली. "टायला गुण नाहीत," पंच म्हणाले, आणि तो विषय संपला.

शेवटाकडे 81 वर्षांचे बायडेन आणि 78 वर्षांचे ट्रम्प गोल्फमध्ये कोण सरस यावरून भांडायला लागले. या भागाला पंचांनी मनापासून दाद दिली. त्यांना वयोगटाचे वाद ठाऊक आहेत. कुमार गटात मिशा काढून उतरलेले बाप त्यांनी पकडलेले आहेत.

सामना संपल्यावर साहेबांनी न राहवून विचारलं, "पंच, पण ट्रम्प कितीतरी गोष्टी खोट्या सांगत होता, त्याचं काय?" सूत्रधार जेक टॅपर आणि डेना बॅश यांनीही त्या दिवशी ते जागच्या जागी खोडून काढलं नव्हतं. पंचांनी चष्मा काढला. "साहेब, चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणतो. त्यात खरं काय आणि खोटं काय? दम राहिला की तुटला, बास."

तक्त्यावर खऱ्या-खोट्याचा रकानाच नाही. हे ऐकून मी हसलो होतो. नंतर आठवडाभर मोठमोठ्या विश्लेषकांचं वाचलं. त्यांच्याही तक्त्यात तो रकाना फार रुंद नव्हता. आवाज बसला होता का, चेहरा कसा दिसला, कोण थकलेलं वाटलं. फरक एवढाच, की पंच दोन तास आधी मोकळे झाले होते.

21 जुलैला बायडेन शर्यतीतून बाहेर पडले. पंचांना काहीच धक्का बसला नाही. "बदली खेळाडू नियमात बसतो," ते म्हणाले. "पहिल्या डावाचे गुण तसेच राहतील."

मधल्या काळात भाच्याने जुन्या वादांच्या फिती पाठवल्या आणि पंचांनी पूर्वलक्षी प्रभावाने निकाल द्यायला घेतले. 1960 साली शिकागोत केनेडींसमोर उभा राहिलेला निक्सन फिकट आणि घामेजलेला का दिसत होता, यावर तिकडे पुस्तकं लिहिली गेली आहेत. पंचांनी एका ओळीत निकाल लावला: "गुडघा." आणि खरोखरच, निक्सनचा गुडघा त्या ऑगस्टमध्ये गाडीच्या दारावर आपटून चिघळला होता आणि तो इस्पितळात पडून आला होता. "दुखापत लपवून मैदानात उतरला. डॉक्टरचं सर्टिफिकेट बघायला हवं होतं." 1992 मध्ये वादाच्या मध्येच घड्याळ बघणाऱ्या थोरल्या बुशला त्यांनी ताकीद दिली: वेळ बघायचं काम पंचांचं.

त्यांचा सगळ्यात लाडका सामना मात्र 1976 चा. फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर यांच्या वादात आवाजाची यंत्रणा बिघडली आणि 27 मिनिटं दोघं आपापल्या जागी नुसते उभे राहिले. एकमेकांशी बोलले नाहीत, बसले नाहीत, गेले नाहीत. ही फीत पंच पुन्हा पुन्हा लावतात. "शिट्टी झाली नाही तोवर मैदान सोडलं नाही. कोणी सोडलं नाही!" काकूंच्या मते घरात चालणारा हा एकमेव शांत कार्यक्रम आहे.

दुसरा सामना आला 11 सप्टेंबरला, बुधवारी, नेमका गौरीपूजनाच्या सकाळी. टीव्हीच्या जागी मखर, त्यामुळे टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर. आत घावन-घाटल्याची घाई, आणि सुनेला नारळ घ्यायचा तरी पंचांना ओलांडून जावं लागत होतं. गाव पुन्हा फिलाडेल्फियाच, म्हणून पंच आधीच भारावलेले. त्यात बायडेन यांच्या जागी उतरलेल्या कमला हॅरिस आल्या त्या थेट रंगमंच ओलांडून ट्रम्प यांच्या बाजूला गेल्या, हात पुढे केला, मिळवला आणि परत आपल्या जागी.

पंच उठून उभे राहिले. गुडघ्यांसकट. "मध्यरेषा ओलांडली! समोरच्याच्या भागात शिरून हात लावला! सुखरूप परत!" शिट्टी वाजली. गणपतीपुढे बसलेल्या भटजींना वाटलं आरतीची वेळ झाली. त्यांनी घंटा उचलली. अजून एकही प्रश्न विचारला गेला नव्हता आणि किहीममध्ये हॅरिस एका गुणाने पुढे होत्या.

पुढे ट्रम्प स्प्रिंगफील्ड नावाच्या गावाबद्दल बोलले, की बाहेरून आलेले लोक तिथे रहिवाशांची कुत्री-मांजरं खातात. सूत्रधाराने तिथल्या तिथे सांगितलं की नगर प्रशासनाकडे अशी काही खात्रीलायक तक्रार नाही. काकूंना कुत्र्या-मांजराचं इंग्रजी कळतं. त्या उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "अहो, नैवेद्याच्या वेळी काय ऐकवताय हे? आधी ते बंद करा!" घरची मांजर चुलीमागे गेली ती दुपारपर्यंत आली नाही, अर्थात त्याला सणाची गर्दी हेही कारण असू शकेल. पंचांना वेगळ्याच गोष्टीचं दुःख झालं. "आणि लोक आम्हाला विचारतात, 'अलिबाग से आया है क्या!'" या वाक्यावर बंदी घाला म्हणून एकजण 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. विनोद मनावर घेऊ नका, असं सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. तेव्हापासून पंच बदल्याची संधी शोधत होते.

नील्सनच्या मोजणीत तो वाद 6 कोटी 70 लाख अमेरिकनांनी पाहिला. किहीमचं स्वयंपाकघर त्यात धरलेलं नाही. पंचांचा निकाल: हॅरिस, लोणासह.

निकाल कळवायला त्यांनी भाच्याला लगेच फोन लावला. तिकडे रात्र बरीच झालेली. भाचा जांभई देत म्हणाला, "मामा, मी मत देणार, पण न्यू जर्सीच्या मतांनी काही ठरत नाही. आमच्या राज्याची 14 निर्वाचक मतं कुठे जाणार ते सगळ्यांना माहीत आहे. खरी मारामारी पेनसिल्व्हेनियाच्या 19 साठी."

"ते कुठे आलं?"

"नदीपलीकडे."

"मग नदीपलीकडे घर घ्यायला काय झालं होतं?"

आपल्याकडच्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर त्यांचा राग आहे तो यामुळेच. मत आमदार-खासदारांना, महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, पंचांच्या मताचं शून्य. तेही एक वेळ चालेल, पण 1997 साली शेषन आणि नारायणन आमनेसामने होते तेव्हा दोघांना एका मंचावर आणायचं कोणाला सुचू नये? मे 2024 मध्ये मदन लोकूर आणि अजित शहा हे दोन माजी न्यायमूर्ती आणि संपादक एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादाचं निमंत्रण दिलं, तेव्हा पंचांनी शिट्टी धुऊन ठेवली होती. एका संघाने नाव नोंदवलं. दुसऱ्याने कर्णधाराऐवजी युवा मोर्चाचा खेळाडू देऊ केला. सामना झाला नाही. "पुढे चाल द्यायला हवी होती," पंच म्हणतात. कोणाला, ते सांगत नाहीत. पंच तटस्थ असतो.

2 ऑक्टोबरला एकाच दिवशी तीन गोष्टी आल्या: सकाळी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वाद, सर्वपित्री अमावास्या आणि ग्रामसभा. व्हान्स आणि वॉल्झ एकमेकांशी इतक्या सभ्यपणे बोलले की पंचांनी तक्त्यावर 'मैत्रीपूर्ण लढत' लिहून पान घातलं ते पितरांना. त्या उपाशी शिट्टीनिशी ते ग्रामसभेला गेले. पाण्याचा विषय निघाला. दोन जावा उभ्या राहिल्या, एक वरच्या आळीची, एक खालच्या. पंचांनी घड्याळ काढलं. दोन मिनिटं झाल्यावर उठून लाउडस्पीकरवाल्याला खूण केली, आणि सवयीने त्याने माइक बंदही केला. मग पंचांनी जाहीर केलं की मुद्दा खालच्या आळीने जिंकला आहे.

"काका," अध्यक्षांनी हात जोडून विचारलं, "पण पाणी कोणत्या आळीला आधी सोडायचं?"

"ते मला काय विचारता?" पंच म्हणाले. "मी गुण दिले."

नोव्हेंबरात ट्रम्प 312 विरुद्ध 226 निर्वाचक मतांनी निवडून आले. पेनसिल्व्हेनियाही त्यांच्याकडेच गेलं. भाच्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, आणि स्पीकर चालू होता.

"मामा, तुम्ही तर म्हणाला होतात हॅरिस जिंकली. लोणासह!"

"सामना तिनेच जिंकला. स्पर्धा कोणाला दिली ते संयोजकांना विचार."

"मामा, पण निकाल चुकलाच ना?"

"लेखी दे," पंच म्हणाले. "सोबत प्रोटेस्टची फी. सामना संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मुदत गेली."