चि. सायलेन्सर यास

मुक्काम बाग, जिल्हा धार



पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहे, कारण तुझा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. या जिल्ह्यातल्या प्रत्येक एमपी-11 गाडीच्या पोटाखाली तुझा एकेक भाऊ लटकलेला आहे आणि त्यांच्याही मनात हेच चाललेलं असणार.

तू सुधारलास हे मान्य. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नवा बसवला आणि तू काजळी ओकायचं सोडलंस. प्रदूषण तपासणाऱ्या पीयूसीवाल्याने तुझ्या तोंडात नळी घातली तेव्हा माझाच श्वास अडकला होता. तू बीएस-4 घराण्यातला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम याच्या आत राहायला हवं. तू दोन्हींच्या बराच खाली निघालास. ‘गाडी एकदम साफ है, साहब,’ असं तो म्हणाला आणि तेव्हापासून तुझी एकच भुणभुण चालू आहे: धूर कमी झाला, आता रोड टॅक्स कमी होईल ना?

नाही होणार, बाळा.

एक तर तो भरून झालाय. आमच्या मध्य प्रदेशात खासगी मोटारीचा जीवनकाल कर नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतात. आणि घेताना तुझ्याकडे कुणी वाकूनही पाहिलेलं नाही. पाहिलं ते शोरूमचं बिल. किंमत जितकी मोठी तितका कर मोठा. छताला काचेची खिडकी असली, गाद्या चामड्याच्या असल्या की किंमत वाढते आणि तिच्यामागून कर वाढतो. तुझ्या पोटात काय आहे याचा त्या हिशेबात रकानाच नाही. फार तर एवढं विचारतात की पेट्रोल, डिझेल की वीज. डिझेलला जास्त, विजेला सवलत. थोडक्यात, जात विचारतात, वागणूक विचारत नाहीत.

पण कर अजिबात कमी होत नाही असं मात्र समजू नकोस. होतो, आणि चांगला निम्मा होतो! त्यासाठी धूर कमी करावा लागत नाही, जत्रेला जावं लागतं.

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केला. सुरुवात गुराढोरांच्या बाजाराने झाली. आता तिथे बैलांच्या जागी एसयूव्ही उभ्या असतात. मेळ्यात गाडी घेतली की जीवनकाल करात 50 टक्के सूट. ही गोडी पाहून 2024 पासून उज्जैनलाही विक्रमोत्सवातल्या व्यापार मेळ्यात तीच सूट मिळू लागली. अट अशी की नोंदणी तिथल्याच आरटीओत व्हायला हवी. त्यामुळे माणूस देवासचा, मुक्काम देवासला, रस्ते देवासचे झिजणार, आणि पाटी मात्र उज्जैनची, एमपी-13. पाटीवरून माणसाचं गाव ओळखायचे दिवस गेले. आता तो जत्रेला गेला होता की नाही एवढंच ओळखता येतं.

यातली मौज नीट समजून घे. सूट आहे किमतीवर बसणाऱ्या कराच्या निम्मी. म्हणजे पाच लाखांच्या, थेंब थेंब पेट्रोल पिणाऱ्या गाडीला किरकोळ सवलत आणि पन्नास लाखांच्या रणगाड्याला घसघशीत. जो जास्त जाळणार त्याची पाठ जास्त थोपटली जाते, तीसुद्धा विक्रमादित्याच्या नावाने. इथून उज्जैनला गाडी आणायला जाताना आणि घेऊन येताना जे पेट्रोल जळेल ते वेगळंच. आणि राज्याच्या परिवहन आयुक्तांचं कार्यालय ग्वाल्हेरलाच आहे, म्हणजे मेळा त्यांच्या दाराशी भरतो. आपलं बाग एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानात होतं, इथल्या लेण्यांची दखलही त्याच संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने घेतली. बागच्या माणसाला ग्वाल्हेरकडे आशेने पाहायची सवय जुनी आहे, आता तू पाहतोस इतकंच.

दुसरा मार्ग मरणाचा आहे. घाबरू नकोस, फक्त माहिती देतो. केंद्राच्या 2021 च्या नियमाप्रमाणे जुनी गाडी अधिकृत भंगार केंद्रात मोडीत काढून प्रमाणपत्र आणलं, तर नव्या खासगी गाडीच्या करात राज्य 25 टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतं. म्हणजे तू जिवंत राहून सुधारलास तर शून्य, तू मेलास तर पाव हिस्सा, आणि तोही तुझ्या जागी येणाऱ्याला. नव्या गाडीचं पोलाद वितळवताना जो धूर निघतो तो कुणाच्या पीयूसीत धरायचा, हे विचारायची पद्धत नाही.

विलायतेत बरं आहे, असं कुणीतरी तुझ्या कानात घातलेलं दिसतं. तिथे 1 मार्च 2001 पासून नव्या मोटारींचा कर दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो यावर बसू लागला, हे खरं. पण तो आकडा कंपनीने गाडी मंजूर करून घेताना चाचणीत आला तोच. मालकाने पुढे कितीही चांगला कन्व्हर्टर बसवला तरी कागदावरचा आकडा हलत नाही. म्हणजे तुझं पुण्य तिथेही खात्यावर जमा झालं नसतं. चाचणीचं म्हणशील तर तुझ्या फोक्सवॅगनकडच्या डिझेल चुलतभावांनी 2015 साली काय उजेड पाडला तो जगाने पाहिला: चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं आणि रस्त्यावर आलं की नायट्रोजन ऑक्साइडचा धूर सोडायचा. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. त्यांच्यापेक्षा तू खूपच सालस.

महाराष्ट्रातही जाऊ नकोस. तिथे सीएनजी गाडीला किमतीप्रमाणे 7 ते 9 टक्के कर होता, पेट्रोलपेक्षा बराच कमी. कमी धुराची तेवढी कदर होती म्हणायची. 1 जुलै 2025 पासून त्यात प्रत्येक टप्प्याला 1 टक्का वाढला. ही वाढ ज्या अर्थसंकल्पात ठरली त्यातच 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना 6 टक्के कर लावायचं ठरलं होतं, ते मात्र अर्थसंकल्पाच्या महिन्यातच मागे घेतलं गेलं. महागड्या विजेच्या गाडीची दया आली, रिक्षाच्या रांगेत तासभर उभं राहून सीएनजी भरणाऱ्या मध्यमवर्गीयाची आली नाही.

आता एक खरी गोष्ट सांगतो, कारण तुला नुसतंच खिजवायचं नाही. सरकार धुरावर कर घेतं. फक्त तो आरटीओत न घेता पंपावर घेतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तुझ्यातून बाहेर पडतो आणि त्या लिटरवर केंद्राचं अबकारी शुल्क व राज्याचा व्हॅट आधीच वसूल झालेला असतो. आमच्या राज्याचा व्हॅट तर असा आहे की सीमेवरचे लोक शेजारच्या गुजरातेत टाकी भरून येतात. तेव्हा इंजिन नीट ठेवून आपण दोघांनी जे लिटर वाचवले, तेवढा धुराचा कर खरोखर वाचला. पण या कराला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, काजळी कळत नाही. शेजारच्या घरातल्या दमेकरी आजींना जे कळतं, ते पंपाच्या मीटरला कळत नाही.

मोटारींवरचा कर राज्यसूचीतला विषय आहे, नोंद 57. म्हणजे हे बदलायला दिल्लीला जायला नको. म्हणून तुझ्या वतीने राज्य सरकारला माझी मागणी एवढीच: पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, तेव्हा गाडीचं वय पाहता तसा तिचा धूरही पाहा. मागच्या सगळ्या पीयूसी वेळेवर आणि मर्यादेच्या बऱ्याच आत असतील, तर त्या वेळी जो काही कर घेता त्यात सूट द्या. आकडे संगणकावर पडूनच आहेत. जत्रेत निम्मा कर सोडता येतो, तर सुधारलेल्या सायलेन्सरसाठी त्याचा दहावा हिस्सा सोडायला तिजोरीला भोक पडणार नाही.

तोवर तू पीयूसीची तारीख चुकवू नकोस. मुदत संपली आणि धरले गेलो, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दंड दहा हजार रुपयांपर्यंत आहे, आणि त्याला कुठल्याही मेळ्यात सूट नाही.

तुझा,
गाडीमालक