फुकट दिले तरी नको!

२००२ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीने कॉम्प्युटर बनवणाऱ्या एचपीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. एचपीने घेतले जेमतेम एक लाख साठ हजार. माल वाईट नव्हता. पण सगळे उचलले असते, तर एएमडीच्या प्रतिस्पर्धी इंटेलकडून मिळणाऱ्या सवलतीवर पाणी सोडावं लागलं असतं, आणि एचपीचा बहुतेक धंदा इंटेलच्याच चिपवर उभा होता. फुकटचा माल आतबट्ट्याचा ठरला.

खरी मेख इथेच आहे. घाऊक खरेदीवर सूट कोणीही देतो, त्यात गैर काही नाही. ही सूट मात्र ‘दुसऱ्याचं घेऊ नका’ या अटीवर होती. ऑफिसांना विकायच्या डेस्कटॉपमध्ये किमान ९५ टक्के चिप इंटेलच्याच हव्यात. उरलेल्या पाच टक्क्यांवरही पहारा! एएमडीचे डेस्कटॉप फक्त छोट्या-मध्यम उद्योगांना विकायचे, वितरकांच्या हाती द्यायचे नाहीत, युरोपात सहा महिने उशिरा आणायचे. युरोपीय आयोगाच्या २००९च्या निर्णयात हे सगळं नोंदलेलं आहे.

डेलचं प्रकरण तर याहून गंभीर. २००६ पर्यंत डेलने एएमडीला दारात उभं केलं नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१० मध्ये आरोप ठेवला, की आर्थिक वर्ष २००७च्या पहिल्या तिमाहीत डेलच्या कामकाजी नफ्याच्या ७६ टक्के रक्कम इंटेलकडून आलेली होती. म्हणजे आरोपानुसार, कॉम्प्युटर विकणारी कंपनी दुसऱ्याचा माल न घेण्याच्या मोबदल्यावर तगून होती, आणि भागधारकांना त्याचा पत्ताच नव्हता. आरोप मान्य किंवा अमान्य न करता डेलने दहा कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोकला होता. त्यातला सवलतींचा भाग २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयात कायमचा बाद झाला, कारण या सवलतींमुळे तोडीचा स्पर्धक बाहेर फेकला जाऊ शकतो, हे आयोगाला नीट सिद्ध करता आलं नाही. (एएमडीच्या मालाची विक्री अडवण्यासाठी दिलेल्या पैशांचा ठपका मात्र पुसला गेला नाही.) पंधरा वर्षं कोर्टबाजीत गेली.

पुराव्यांचा काथ्याकूट वकिलांनी करावा. पण सवलतीला ‘प्रतिस्पर्ध्याचा माल नको’ अशी अट जोडली असेल, तर ती वार्षिक अहवालात छापण्याची सक्ती हवी. दुकानात एकाच कंपनीची चिप का दिसते, हे ग्राहकाला पैसे मोजण्याआधी कळलंच पाहिजे.