वर्कशॉपची वेबसाइट : नियोजनाची शास्त्रशुद्ध पद्धत

चाकणच्या मोठ्या कंपनीतल्या पर्चेसवाल्याने ‘वेबसाइट आहे का तुमची?’ असं विचारलं, की ‘काम चालू आहे’ असं ठोकून द्यावं. काम त्यानंतर सुरू करावं.

आधी तंत्रज्ञान ठरवावं. मजकुराचा विषय कोणी काढलाच, तर ‘ते नंतर बघू’ म्हणावं. तंत्रज्ञानासाठी भाचा असतोच, आकुर्डीच्या नाहीतर निगडीच्या कॉलेजात सेकंड इयरला. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच जीमेलवर घ्यावं. पुढे तो बंगळुरूला नोकरीला जातो, रिन्युअलची मेल जुन्या खात्यात पडून राहते, साइट बंद पडते आणि नवी बनवायला आपण मोकळे.

पहिल्या पानावर सरकते फोटो हवेत. एक पिवळं हेल्मेट घातलेल्या गोऱ्या इंजिनिअरचा. तो आपल्या शॉपवर कधी आला होता, असं कोणी विचारत नाही. दुसरा खंडेनवमीला पूजलेल्या व्हीएमसीचा. झेंडूचा हार असा घालावा, की मशीनचं मेक आणि टेबल साइज दोन्ही झाकली जावीत. फोटो मोबाइलमधून निघाले तसे, सहा-सहा एमबीचेच चढवावेत. कमी रेंजवर साइट बघणारा माणूस तसाही घाईतला. तो आपलं गिऱ्हाईक नव्हे.

पर्चेसवाल्याला हवं असतं एवढंच : मशीन कोणत्या, बेड केवढा, किती मायक्रॉन पकडता, सीएमएम आहे का, सर्टिफिकेट कधीपर्यंत चालू आहे. ही यादी ऑफिसात एक्सेलमध्ये तयार असते, कोणी मागितली की अकाउंट्सच्या मॅडम दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप करतात. ती साइटवर चुकूनही टाकू नये. त्याऐवजी ‘गुणवत्तेचा ध्यास घेतलेली अग्रगण्य कंपनी’ असे चार परिच्छेद शेजारच्या युनिटच्या साइटवरून उचलावेत. एका ठिकाणी त्यांचं नाव तसंच राहू द्यावं, शेजारधर्म म्हणून. सर्टिफिकेट टीएस १६९४९ चंच झळकवावं. २०१६ मध्ये त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं आणि २०१८ च्या सप्टेंबरात जुनं बाद झालं. पण फ्रेम चांगली होती.

मराठी पान जुन्या डीटीपी फाँटमधून चिकटवावं. युनिकोड नसल्याने मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते.

याच शहरात पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१३ मध्ये ‘सारथी’ ही नागरिकांसाठीची माहिती-हेल्पलाइन सुरू करताना नेमकं उलटं केलं. नागरिक काय विचारतात आणि त्याचं उत्तर काय, हे विभागवार आधी लिहून काढलं. मग तोच मजकूर हेल्पलाइनला, वेबसाइटला आणि पुस्तिकेलाही पुरला. आपण इतकं साधं काम करू नये.

चौकशीच्या फॉर्मला ड्रॉइंग जोडायची सोय ठेवू नये. फॉर्म जिथे जातो ती मेल कोण उघडतं, हे ठरवू नये. पत्ता ‘भोसरी एमआयडीसी, पुणे २६’ एवढाच. ब्लॉक आणि प्लॉट नंबर दिला, तर टेम्पोवाला लांडेवाडीतून फोन कशाला करेल? आणि गुरुवारी भोसरी बंद असते, हे कुठेही लिहू नये. कोल्हापूरहून नवं गिऱ्हाईक निघालंच, तर ते गुरुवारीच येऊन धडकलं पाहिजे.